रिकामी मूस

२५ नोव्हेंबर २०२४, गोंदिया

आमचं क्रुसिबल, भट्टीत तापवायचं भांडं, आज फुटलं. भट्टीतून काढताना चिमट्यातून सुटलं आणि फरशीवर दोन तुकडे. चूक माझीच. नवं मागवायचं तर कागद ऑफिसातून जाणार, म्हणजे होळीपर्यंत विसरायचं. लॅबमधला ओमेश म्हणाला, "टेन्शन मत ले यार. सोनाराची मूस मिळते ना बाजारात. त्यात सोनं वितळून राहिलं, तुझा तूस काय चीज आहे?" त्याच्याच गाडीवर जाऊन दोन आणल्या. काळ्या, जाड, कपासारख्या. झाकणही नीट बसतं.

कापगते सरांना, माझ्या पीएचडीच्या गाइडना, सांगितलं, दुसरं क्रुसिबल मिळालं. ते टेबलाच्या कडेवर बोटं फिरवत बसले होते. "बरं" म्हणाले. फुटलं कसं, हेही विचारलं नाही. माझ्या कामात त्यांचं लक्ष राहिलं नाही की काय, कोण जाणे.

वही नवीन आहे म्हणून एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच आठवेल मी हे काऊन करत होते. धान कांडल्यावर राईस मिलबाहेर तुसाचे ढीग पडतात. तो तूस कमी हवेत जाळून कोळसा करायचा, पोटॅश मिसळून भट्टीत आठशे अंशावर तापवायचा आणि धुवायचा. जी काळी भुकटी उरते तिच्यात कार्बनचे थर असतात. इतके पातळ, की एका केसाच्या जाडीत लाखांनी मावतील. बनवणं सोपं आहे. बनलं ते नेमकं काय, हे सिद्ध करणं म्हणजे माझी पीएचडी. थर किती, त्यांच्यात अंतर किती, रचलेले की विस्कटलेले. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. क्ष-किरण टाकायचे आणि ते परत कसे येतात त्यावरून ओळखायचं.

९ डिसेंबर

नागपूरहून क्ष-किरणांचा रिपोर्ट आला!! ग्राफवर साडेसव्वीस अंशाच्या कोनाला टोक. सुईसारखं उभं. दोन वर्षं मी ज्या जागी त्याची वाट बघत होते, तिथं. पुस्तकातल्या चित्रावर माझा ग्राफ ठेवला तर रेघेवर रेघ बसते. मशीनवरचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, बहुत सुंदर पीक है." सूक्ष्मदर्शकाच्या फोटोतही पातळ पापुद्रे दिसताहेत.

ओमेशने समोसे आणले. आईला फोन केला. तिला काय समजलं माहीत नाही, पण म्हणाली, "निंगालं ना मनासारखं? मंग जेव आता पोटभर."

११ डिसेंबर

सरांनी सगळ्यावर पाणी ओतलं.

त्यांची ती सवय आहेच. ग्राफ समोर ठेवला तरी बघत नाहीत, खुर्चीला टेकून म्हणतात, "वाच." दीड वर्ष झालं हे चाललंय. आधी वाटायचं, माझी परीक्षा घेतात. आज सगळे आकडे वाचले तरी तळहात पुढे केला. "टोक कसं आहे, इथं बोटानं काढून दाखव." ग्राफ टेबलावर पडलेला आणि हा माणूस हात पुढे करतो! मी काढलं. सरळ वर, सरळ खाली.

"इतकं टोकदार?" सर म्हणाले. "मग हे पातळ कसं, रंजिता?"

मी ग्राफ पुन्हा उचलून पाहिला.

"तेंदूपत्त्याचा पुडका पाहिला आहेस ना?"

"सर, माझी आई पानं तोडते."

"मग तुला काय सांगायचं. पानावर पान रचून, दाबून बांधलं की कड एकसारखी येते. किरण अशा पुडक्यावरून धारदार परत येतात. दोन-चार पानं सुटी पडली असली तर कसली कड? आपल्याला सुटी पानं पाहिजेत आणि तू पुडका दाखवून राहिली. शिवाय आठशे अंशावर तुसाचा कोळसा असा रचून बसतच नाही. त्याला याच्या तिप्पट आच लागते. यात बाहेरचं काहीतरी आलंय."

बाहेरचं काय येणार? तूस मीच धुतला, मीच जाळला. लॅबमध्ये झाडूसुद्धा मीच मारते.

१९ डिसेंबर

प्राचार्यांनी बोलावून अभिनंदन केलं. संशोधनाचा पेपर लवकर पाठवा म्हणाले, महाविद्यालयाचं मूल्यांकन जवळ आलंय. त्यांनी एका वार्ताहरालाही बोलावलं होतं. त्याने तुसाच्या पोत्याजवळ उभं करून माझा फोटो काढला. मी सांगितलं, सरांची सही व्हायची आहे. प्राचार्य हसले. "कापगते सरांचं वय झालं. पुढल्या वर्षी रिटायर. तुम्ही पाठवून द्या, सही मी बघतो."

बाहेर आले तर व्हरांड्यात समोरून सर येत होते, एक हात भिंतीला लावून. मी लांबूनच हात जोडले. माझ्याकडे तोंड होतं, पण ते सरळ निघून गेले. मागून प्राचार्यांनी हाक मारली, तेव्हा मात्र वळून हसले.

लिहू की नको? लिहिते. वही माझीच आहे. मनात आलं, माझं आडनाव शहारे आहे, आम्ही बौद्ध, म्हणून तर नाही? सर कोहळी जातीचे, तळी बांधणाऱ्या जमीनदार मालगुजारांच्या घरातले. शहाऱ्यांच्या पोरीचं नाव वर्तमानपत्रात येणार, ते रुतत असेल का? पण दुसरंही लिहायला पाहिजे. तीन जणांनी मला विद्यार्थिनी म्हणून घ्यायला नकार दिला होता, तेव्हा याच माणसाने अर्जावर सही केली आणि लॅबची किल्ली हातात ठेवली. दोन्ही खरं कसं असेल, समजत नाही.

२२ डिसेंबर

बातमी आली. 'गोंदियाच्या तुसातून ग्राफीन.' ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकच, सुटा थर; मी एवढं सरळ म्हटलं नव्हतं. पण नाही म्हणायलाही गेले नाही. संशोधनाचा पेपरही पाठवून दिला.

३ जानेवारी २०२५, गाव

सावित्रीबाईंची जयंती. विहारात सत्कार झाला. आई पहिल्या रांगेत, नवं लुगडं, हात मांडीवर घट्ट. माझं नाव घेतल्यावर तिने टाळी वाजवली नाही, पदर डोळ्यांना लावला. बिसराममामा माईकवर बोलले, आपल्या पोरीनं तुसातून हिरा काढला. हिरा नाही हो मामा, म्हणायला तोंड उघडलं होतं, पण शाल अंगावर पडली आणि राहून गेलं.

रात्री मात्र सरांचा तळहात आठवत राहिला.

१० जानेवारी

भांडण झालं. सरांशी. माझ्या आयुष्यात मी कुठल्या शिक्षकाशी आवाज चढवून बोलले नव्हते.

पेपर त्यांच्या सहीशिवाय गेला, हे कुणीतरी त्यांना सांगितलं. रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. फक्त म्हणाले, "घाई केलीस." मग माझा बांध फुटला. लेसरची रामन तपासणी बोलते, एक्स-रे बोलतो, फोटो आहेत, सगळं जग मान्य करून राहिलं, एकटे तुम्हीच... आणि तोंडातून निघून गेलं, "सर, समोर काय आहे ते दिसत नाही का तुम्हाला?"

ओमेश बीकर धूत होता, त्याने नळ बंद केला.

सर म्हणाले, "नाही." इतकंच. हट्टी तरी किती असावं माणसाने! मग हळूच म्हणाले, "एक काम कर. रिकामं क्रुसिबल तापव. तूस घालू नको. फक्त पोटॅश. तीच आच, तेवढाच वेळ, तसंच धुणं. खाली काही नाही उरलं, तर मी डोळे मिटून सही करतो."

ओमेश आज मला खोलीवर सोडायला आला नाही. म्हणाला, "तू ना, ज़रा ज़्यादा बोललीस आज." मी विचारलं, तुझा काय संबंध? गाडीला किक मारून निघून गेला. सगळेच विचित्र वागताहेत.

२२ जानेवारी

रिकामी मूस तापवली. फक्त त्यांना चूक ठरवायला. दुपारी धुतलं, गाळलं. गाळणकागद पांढरा राहायला पाहिजे होता.

काळा झाला.

थोडीशीच भुकटी आहे. चकाकते. नागपूरला पाठवली. ओमेशला म्हटलं, भट्टीतली राख पडली असेल. तो म्हणाला, "हो, असेल." त्याला खोटं बोलता येत नाही.

३० जानेवारी

साडेसव्वीस. तीच जागा, तीच सुई. तुसाचा एक कण नसताना.

मूस उलटी करून कागदावर घासली. पेन्सिलीसारखी रेघ उमटली. सोनाराची मूस मातीची असते, पण आच सोसावी म्हणून त्या मातीत ग्राफाइट, म्हणजे थरावर थर रचलेला कार्बन, मिसळलेलं असतं. पोटॅशने मुशीची आतली बाजू खाल्ली आणि तिचे पापुद्रे सुटून माझ्या भुकटीत आले. मी दोन महिने मुशीचे फोटो तुसाचे म्हणून मिरवत होते. सत्कार झाला तो मुशीचा.

रडले. मग भूक लागली आणि खाल्लंही. खोटं कशाला लिहू.

३१ जानेवारी

सकाळी फोन न करताच सरांच्या घरी गेले. उद्यापर्यंत थांबले असते तर धीर सुटला असता. दार उघडंच होतं. आतून मनकर्णाबाईंचा, सरांच्या बायकोचा आवाज येत होता. शाळेतलं पोर वाचतं तसा.

"आय, एन, टी, ई, आर... मग एल, ए, वाय, ई, आर."

"इंटरलेयर," सर म्हणाले. "पुढं?"

"एस, पी, ए, सी..."

"स्पेसिंग. थरांमधलं अंतर. तिथं तिनं कोणता आकडा लिहिलाय?"

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. दिवाळीत दिलं होतं मी, दुरुस्त करून पुन्हा एकदा दिलं होतं. पहिल्यांदा परत आलं तेव्हा त्यावर वेगळ्याच, गोल गोल अक्षरात दुरुस्त्या होत्या. मला वाटलं होतं, सरांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं, स्वतः वाचायचे कष्टही घेतले नाहीत.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. मनकर्णाबाईंनी मला पाहिलं. त्या काही बोलायच्या आत सरांनीच दाराच्या दिशेने मान वळवली, माझ्या उजवीकडे, जिथं कुणी नव्हतं तिथं बघत. "कोण आहे?"

"मी रंजिता, सर."

बाईंनी कागद पदराखाली घेतले, जणू काही चोरीच पकडली गेली. सर म्हणाले, "राहू दे आता. ये, बस."

काचबिंदू. दोन्ही डोळे. बाजूचं आधीच गेलं होतं, तेवीसच्या उन्हाळ्यापासून मधलंही चाललंय. वर्गात शिकवायचं सगळं पाठ आहे, म्हणून निभलं. ओमेशला माहीत होतं. तो रोज जिन्यावर त्यांच्या पुढे एक पायरी चालायचा, खोकत खोकत. मी म्हणायचे, याला बारा महिने खोकला कसा काय!

मी रिकाम्या मुशीचा निकाल सांगितला. सर खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत राहिले. मग विचारलं, "क्रुसिबलचा रंग कोणता होता?"

"काळा."

"आधीचं पांढरं होतं ना?"

"हो सर."

"मला दिसलं असतं तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, हे काय आणलंस." कपाळावर हात फिरवत म्हणाले. "डोळ्यांचं सांगितलं असतं तर गाइड म्हणून नाव काढलं असतं माझं. दुसरा गाइड शोधता शोधता तुझं वर्ष गेलं असतं. वाटलं, तुझं होईपर्यंत ओढून नेऊ. तेवढं मनात धरून बसलो आणि तुझंच नुकसान केलं."

"माझंही चुकलंच सर. मी तुम्हाला काय काय म्हटलं..."

मनकर्णाबाई मध्येच म्हणाल्या, "तुम्ही दोघं आता एकमेकांची माफी मागत बसा. मी भात टाकते. जेवून जाजो बाई." आणि आत जाता जाता, "मले तं बरंच झालं. त्या एबीसीडीनं जीव गेला होता माया."

जेवताना सरांच्या ताटात त्या सांगत होत्या, वरण उजवीकडे, भाजी समोर. व्हरांड्यातला तो नमस्कार आठवला. मी वहीत काय काय लिहून ठेवलं होतं त्यांच्याबद्दल. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

४ फेब्रुवारी

पेपर मागे घेतला. प्राचार्य म्हणाले, "छापून आलंय आता. थोडं थांबलात तर कोणाला आठवणारही नाही." मी म्हटलं, मला आठवेल. मोठं वाक्य वाटलं तेव्हा. बाहेर आल्यावर तारखा मोजल्या. संशोधन समितीची बैठक मार्चमध्ये आहे आणि माझ्या हातात काहीच नाही. मुदत संपली तर नोंदणी रद्द.

वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, चूक झाली याची बातमी होत नाही, मॅडम.

आईला अजून सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

निकेलचं क्रुसिबल आलं. सरांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगून मिळवलं. आता पद्धत अशी आहे: मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलत करते. रंग, वास, आवाज. सर स्टुलावर बसून ऐकतात. एकदा म्हणाले, "थांब, हे पाणी कुठलं? नळाचं की बाटलीतलं?" मी नळाचं घेत होते. मोठ्याने बोलल्यावर माझ्या चुका मलाच आधी ऐकू येतात.

२६ फेब्रुवारी, गाव

महाशिवरात्र. गावाजवळच्या, आमच्या प्रतापगडची जत्रा. रस्ता माणसांनी भरलेला. कोणी महादेवाला चालले, कोणी दर्ग्यावर, बरेचसे दोन्हीकडे. आई दरवर्षी वाटेवर भज्यांचं दुकान लावते. मी कांदे चिरायला बसले. वाटलं, कांद्यापुढे रडू आलं तरी खपून जाईल. सगळं सांगून टाकलं, सरांच्या डोळ्यांचंही.

झारा कढईत तसाच धरून तिने ऐकलं. "मंग ते खोटं होतं का?"

"खोटं नाही आई. चुकलं."

"अन् चूक पकडली कोनं?"

"मीच. सरांनी सांगितलं तसं करून बघितलं, तेव्हा."

"तुनंच पकडली. मंग रडून कायले राहिली?"

"सत्कार झाला ना आई. बिसराममामा, सगळे लोक..."

आईने भजी काढली, तेल झटकलं. "शाल वापस मांगत्येत का?"

"नाही."

"मंग राहू दे. थंडीत कामी पडते." गिऱ्हाइकाला पुडी दिली, पैसे घेतले आणि पुन्हा वळली. "त्या मास्तराच्या डोऱ्याचं काई होत नाई का वं?"

"गेलेलं परत येत नाही म्हणतात. उरलेलं टिकवायला थेंब घालतात."

आईने झारा पुन्हा कढईत घातला, पण हलवला नाही. तिला माझ्या थरांपेक्षा त्या डोळ्यांचं जास्त लागलं, हे तिच्या हाताकडे पाहून समजलं. एक घाणा करपला.

२७ फेब्रुवारी

आई सकाळीच विहारात जाऊन आली. बिसराममामा भेटले तेव्हा म्हणाले, "का वं, तुनं म्हने मोठी चूक पकडली?" आईने काय सांगितलं असेल, याचा अंदाज आला. तुसातून हिरा काढला यापेक्षा हे तिला मोठं वाटलं की काय!

११ मार्च

निकेलमधल्या नमुन्याचा रिपोर्ट. सुई गायब. चोवीस अंशांच्या आसपास एक रुंद, बुटका फुगवटा. सरांना सांगितलं, तळ्याच्या जुन्या पाळीसारखा, बांधासारखा दिसतो, दोन्हीकडे हळूहळू उतरत गेलेला. ते म्हणाले, "आता पटते." थर आहेत, थोडेच आहेत, विस्कटलेले आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर ग्राफाइटपेक्षा जास्त आहे. सूक्ष्मदर्शकाखाली चुरगळलेल्या कागदासारखे. ग्राफीन नाही. पण या सुरकुत्यांमुळेच पृष्ठभाग प्रचंड आहे. रंगाच्या गढूळ पाण्यात चिमूटभर भुकटी टाकली तर पाणी निवळतं. रिकाम्या निकेलमध्ये काहीच उरलं नाही, कागद पांढराशुभ्र. तो मी डकवून ठेवलाय.

१८ मार्च

समिती.

बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले, "म्हणजे वर्तमानपत्रातलं ग्राफीन नाहीच?"

"नाही सर. ती माझी चूक होती." आणि मुशीचा ग्राफ पडद्यावर लावला. तुसाचा आणि रिकाम्या मुशीचा, एकाखाली एक. खोलीत कुणी हसलं. मी पुढे बोलत राहिले. 

"एवढी साधी गोष्ट गाइडच्या लक्षात कशी आली नाही?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सर उभे राहिले. खुर्चीच्या पाठीला धरून. "कारण मला दिसत नाही," ते म्हणाले. "दीड वर्षाच्या वर झालं. मी लपवलं. चुकीत निम्मा वाटा माझा आहे, तो तिच्या नावावर टाकू नका. तिला दुसरा गाइड द्या, मी सहगाइड राहीन, ठेवलंत तर. पण वेळ वाढवून द्या. हे काम आता खरं आहे."

प्राचार्य टेबलाकडे बघत होते. बाहेरचे तज्ज्ञ चष्मा काढून पुसत बसले. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, फुगवट्याची जागा पुन्हा केल्यावर तीच येते का. दोनदा आली, मी म्हटलं. "तिसऱ्यांदा करा."

मुदत वाढली. नवीन गाइड नागपूरच्या बाई आहेत. सर सहगाइड. गाइडपद गेलं, म्हणून सरांच्या खोलीवरची पाटी मात्र महिनाअखेर निघणार. ओमेश त्यांना घरी सोडायला निघाला, तेव्हा पहिल्यांदाच उघडपणे हात धरून. जिन्यात अजिबात खोकला नाही.

९ एप्रिल

तिसऱ्यांदा केलं. नवा तूस, दुसऱ्या मिलचा. फुगवटा आला. तिथंच.

सरांना फोन लावला. मनकर्णाबाईंनी उचलला आणि त्यांच्या कानाला लावला. मी आकडे वाचून दाखवले. 

"हा तूस खरिपाचा होता ना?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"उन्हाळी धान निघालं की त्याचाही करून बघ. पाणी वेगळं, माती वेगळी." आणि मग, "कधी निघते म्हणाली तुझी आई, उन्हाळी धान?"

आई काय म्हणाली, असं काही मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पण आईला विचारते म्हणाले.